बुडाकडनं येणारे तात्या

तात्या कोंढाळकर एस.टी.त चढले की आधी सगळ्यात मागच्या बाकापर्यंत जात, त्याला हात लावत आणि मग माघारी येत जागा शोधत. चढल्याचढल्या समोरचं बाक रिकामं दिसलं तरी त्यावर बसायचं नाही. काखेत छत्री, हातात डब्याची पिशवी, आणि लोकांच्या बोचक्यांवरून, तेलाच्या डब्यांवरून, पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यांवरून वाट काढत हे गृहस्थ शेवटापर्यंत जाणार. तिथून एकेक बाक बघत पुढे येईस्तोवर समोरच्या बाकावर दुसरं कुणीतरी ऐसपैस बसलेलं असे. मग भोरपासून वेल्ह्यापर्यंत तात्या दांडीला लटकून. चेहऱ्यावर नाराजी मात्र नाही. उलट मलाच सांगत, "शेवटचं भरल्यालं बाक कुठलं, त्ये आदी बघावं. मंग आपली जागा कळती."

जागा कळते, पण मिळत नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यावर ते नुसते हसत. त्या गाडीचे कंडक्टर त्यांना ओळखून होते. तात्या माघारी येईपर्यंत घंटी द्यायची नाही, एवढं त्यांनी स्वतःहून ठरवून टाकलं होतं.

ही गोष्ट सत्तर सालाच्या अलीकडची-पलीकडची. मी नोकरीसाठी भोरला नवीनच आलो होतो. आमची कचेरी पाण्यापावसाची. वेल्ह्या-भोरच्या डोंगरांत ठिकठिकाणी पाऊस मोजायच्या चौक्या होत्या, आणि तिथले आकडे आमच्याकडे येत. कुठून तारेने, कुठून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठीने, कुठून माणूस पायी. कचेरीत टेबलाएवढा एक तक्ता होता. डावीकडे वरपासून खालपर्यंत महिन्याच्या तारखा, आणि डोक्यावर ओळीने चौक्यांची नावं. ज्या चौकीचा आकडा आला तो त्या तारखेच्या रकान्यात भरायचा. पावसाळ्यात ओढे फुगले की चिठ्ठ्या अडकत. त्यामुळे तक्त्यात मध्ये मध्ये रिकामे रकाने राहत. तो तक्ता तात्यांच्या ताब्यात होता.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी आतून विचारलं, गुंजवण्याचा शेवटचा आकडा काय आलाय? तात्या पाणी प्यायला उठले होते, म्हणून मी तक्त्याकडे धावलो. गुंजवण्याच्या नावावर बोट ठेवलं आणि ते खाली खाली सरकवत निघालो. एका रिकाम्या रकान्यापाशी बोट थांबलं. त्याच्या वरचा आकडा मी ओरडून सांगणार, एवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. तात्याच होते. तोंडातलं पाणी गिळून म्हणाले, "वरनं न्हाई. बुडाकडनं या."

आणि त्यांनी माझं बोट उचलून पार तळाला, महिन्याच्या शेवटच्या तारखेवर नेऊन ठेवलं. तिथून वर सरकवत आणलं. रिकामं, रिकामं, रिकामं, आणि मग एक आकडा लागला. मी ज्याला शेवट समजत होतो त्याच्या बराच खाली. मधले दोन दिवस ओढ्याला पाणी होतं म्हणून चिठ्ठी आली नव्हती, एवढंच.

"वरनं आलं की मानूस पैल्या रिकाम्या रकान्याशी थांबतंय," तात्या म्हणाले. "त्येला वाटतं संपलं. मधलं रिकामं म्हंजी संपलं न्हाई."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. चहाचे कप संपले का विचारलं तरी तेच, रजा उरली आहे का विचारलं तरी तेच.

आता ही पद्धत अचूक होती असं मात्र कुणी समजू नये. एका जुलैत आमच्या शिपायाने, म्हणजे बाबूने, नवीन टाक चालतो का हे बघायला तक्त्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक झोकदार आठ काढला. नेमका वेल्ह्याच्या खाली, एकतीस तारखेच्या रकान्यात. साहेबांनी आकडा विचारला. तात्या नेहमीप्रमाणे बुडाकडनं निघाले आणि पहिल्याच पावलाला त्यांना आठ सापडला. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, वेल्हे, आठ इंच. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांनी बाहेर येऊन अगदी गोड आवाजात विचारलं की तात्या, आज तारीख किती? त्या दिवशी महिना जेमतेम अर्धा झाला होता. वेल्ह्याला अजून दोन आठवड्यांनी पडायचा पाऊस तात्यांनी आधीच मोजून दिला होता.

कचेरी त्या आठावर पोळा येईपर्यंत हसत होती. बाजारात कुणी भेटला की विचारायचा, तात्या, दिवाळीला पाऊस हाय का? तात्या बाबूला एक शब्द बोलले नाहीत. स्वतःच्या नियमाला फक्त शेपूट जोडलं. "बुडाकडनं या, पर कॅलिंडर बघून."

तात्या दिसायला तसे कुणाच्या लक्षात राहणार नाहीत असे होते. उंची बेताची, डोक्यावर पांढरी टोपी, धोतर, वर खाकी कोट. कोटाचं सगळ्यात खालचं बटण आधी लावत. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, पास झालेले, अक्षर मोत्यासारखं, पण बोलणं शेवटपर्यंत गुंजवण्याचंच, म्हणजे त्यांच्या गावचंच, राहिलं. बायको लग्नानंतर काही वर्षांनी तापाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. भोरमध्ये एका वाण्याच्या घरामागची खोली भाड्याने घेऊन राहत. मी जवळच राहत होतो, म्हणून जाणं-येणं असे. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह, एक कंदील आणि भिंतीवर कॅलेंडर. वर्तमानपत्र शेजाऱ्याचं वाचून झाल्यावर येई, ते शेवटच्या पानापासून वाचत. त्यामुळे त्यांना सामन्यांचे निकाल आधी कळत आणि देशात काय चाललंय ते झोप लागायच्या बेतात.

संध्याकाळी कचेरी सुटली की ते एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहत. मुंबईकडून येणारी गाडी त्या वेळेला येई. तात्या मागच्या चाकापाशी उभे राहायचे आणि सगळी माणसं उतरून गाडी रिकामी होईपर्यंत हलायचे नाहीत. पार सगळे गेल्यावर पायरीवर चढून आत एकदा नजर टाकत आणि मग घरी. मला वाटे, एकटा माणूस, वेळ जात नाही, दुसरं काय करणार. मीही तेव्हा एकटाच होतो, पण मला वेळ घालवायला पत्ते होते.

माझ्या लग्नाला तात्याच कारण झाले, तेही या बुडामुळेच. सारोळ्याचं एक स्थळ आलं होतं. माझे वडील आजारी, म्हणून वडीलधारे म्हणून मुलगी बघायला तात्या माझ्याबरोबर आले. घर पुलाच्या जवळच होतं, उतरल्याबरोबर दुसरं-तिसरं. मी वळणार तर तात्या पुढे चालायला लागले. म्हणाले, अनोळखी गावात कुणाचं घर शोधायचं तर आधी शेवटच्या घरापर्यंत जावं. आम्ही भर उन्हात गाव संपेपर्यंत गेलो. शेवटच्या घराशी दोन कुत्री अंगावर आली, त्यांच्यामागून घरधनी आला, आणि कुत्री आवरल्यावर त्याने आम्हाला बसवून ताक दिलं.

कुणाकडे आलात म्हणून त्याने विचारलं. तात्यांनी नाव सांगितलं. त्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. त्या घराशी त्याचं बांधावरून भांडण होतं. मग त्याने खालच्या आवाजात आमच्या भल्यासाठी म्हणून मुलीची सगळी माहिती दिली. मुलगी सायकल चालवते. मोठ्या माणसांना उलट बोलते. गेल्या वर्षी त्याच्या म्हशी त्यांच्या उसात गेल्या तर ही एकटी काठी घेऊन त्या कोंडवाड्यापर्यंत हाकत गेली. तात्या माझ्याकडे बघत होते आणि मी ताकाच्या भांड्यात बघत होतो. ते भांडं खाली ठेवीपर्यंत माझा विचार पक्का झाला होता.

सुमन, म्हणजे तीच मुलगी, अजून सांगते की आमचं लग्न शत्रूने जमवलं. तात्यांचं म्हणणं, बुडाकडनं आलं की खरं काय त्ये कळतं.

लग्न सारोळ्यातच झालं. नदीच्या बाजूच्या शेतात पंगती बसल्या. आंबेमोहोराचा भात, आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी. वाढायला मुलीकडची पोरं होती, पण तात्यांनी एका पोराच्या हातातली आमटीची बादली काढून घेतली आणि ते चालायला लागले, पंगतीच्या मागून, पार टोकापर्यंत. शेतातली पंगत सरळ रेघेत थोडीच बसते. झाड आलं, दगड आला, ऊन आलं की माणसं मध्ये जागा सोडतात. पत्रावळी मांडलेल्या असतात, पण त्यांवर कुणी नसतं. वाढणारी पोरं वरून येतात, मोकळ्या पत्रावळी दिसल्या की पंगत संपली म्हणून वळतात. त्या मोकळ्या जागेपलीकडे नेहमी कुणीतरी बसलेलं असतं. उशिरा आलेला गुराखी, नातवाला घेऊन आलेली म्हातारी, ज्यांना वरच्या अंगाला कुणी बोलावत नाही अशी चार माणसं. पंगतीत मागून घ्यायची रीत नाही. वाढणारा आला तर जेवायचं, नाही तर बसून राहायचं. तात्या टोकाला जात, तिथल्या शेवटच्या माणसापुढे वाकत आणि विचारत, "दादा, वाढू का?"

शेवटच्या माणसाला ते दादाच म्हणत. मग ते पाच वर्षांचं शेंबडं पोर असो की सत्तरीची आजी असो. माझ्या लग्नात शेवटच्या पत्रावळीवर सुमनची आत्या होती. तिलाही दादा. पंगत खो खो हसली. हसली नाही ती फक्त सुमन. रात्री मला म्हणाली, तुमच्या तात्यांनी कुठल्याच पंगतीत जेवण केलं नाही, बघितलं का? मी बघितलं नव्हतं. ते नेहमी म्हणत, "म्या मागनं बसतो." आम्ही समजायचो की मागून बसत असतील.

पुढच्या साली आंबवड्याच्या देवळात भंडारा होता. तात्या दरवर्षी जात, तसे गेले, आणि सुमन म्हणाली म्हणून मीही बरोबर गेलो. भंडाऱ्याला सगळं खोरं लोटलेलं. ओढ्याच्या कडेने पंगत लांबच लांब गेलेली. तात्या लापशीची बादली घेऊन टोकाला गेले. मी भाताची पाटी घेऊन त्यांच्या मागे होतो. मोकळ्या पत्रावळींच्या पलीकडे, अगदी शेवटाला, एक दाढी वाढलेला म्हातारा खाली मान घालून बसला होता. तात्या त्याच्यापुढे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. विचारायचं ते विचारेनात. मला वाटलं कंबर धरली. म्हाताऱ्याने मान वर केली. तो कुणीतरी वेगळाच होता, पलीकडच्या गावचा मेंढपाळ. तात्यांनी त्याचा चेहरा नीट बघून घेतला, मग हळूच म्हणाले, "दादा, वाढू का?" आणि डावभर जास्तच लापशी वाढली.

परतीची गाडी यायला वेळ होता. आम्ही पुलाशी दगडावर बसलो. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कोण वाटलं होतं? मला वाटलं टाळतील. पण त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं.

तात्यांचे आईवडील ते लहान असतानाच गेले होते. थोरल्या भावाने त्यांना वाढवलं. ते त्याला दादा म्हणत. दादा स्वतः कधी शाळेत गेला नाही. चिखलात भाताची लावणी करायची, आणि धाकट्याला रोज डोंगर उतरवून शाळेच्या वाटेला लावून यायचं. तात्या फायनल पास झाले तेव्हा सगळ्या गुंजवण्याला गूळ वाटला तो दादाने. मग तात्यांचं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी दादा पहाटेपासून पळत होता. पाणी त्याने आणलं, लाकडं त्याने फोडली, पाहुणे त्याने बसवले. शेवटच्या पंगतीला तो हातपाय धुऊन बसला. खाचराच्या कडेला, पार टोकाला, कारण वरच्या जागा पाहुण्यांना हव्या होत्या. त्याच्या आणि पंगतीच्या मध्ये काही पत्रावळी मोकळ्या राहिल्या.

"वाढणारे माझेच दोस्त हुते," तात्या म्हणाले. "वरनं आले. रिकामं दिसलं, वळले. म्या नवरदेव, म्या वर बसल्यालो. बाशिंग बांधल्यालं. मला काय दिसतंय?"

दादा पंगत उठेपर्यंत तसाच बसून होता. कुणाला हाक मारली नाही. पंगत उठल्यावर त्याने आपली कोरडी पत्रावळ घडी केली, वाऱ्याने जाऊ नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला आणि निघाला. लोकांना वाटलं शेताकडे गेला असेल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की तो सारोळ्याला ट्रकमध्ये बसताना दिसला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. कुणी म्हणे मुंबईला आहे, कुणी म्हणे घाटावर कुठेतरी.

मी म्हणालो, एका जेवणावरून कुणी असं घर सोडून जातं का, दुसरं काही कारण असेल. तात्यांनी मान हलवली.

"समदे तसंच म्हणत्यात. पर ज्येनं आयुष्यभर आपल्याला आदी वाढलं, त्येच्याकडं एक येळा बगाया कुणी गेलं न्हाई. दादांनी भांडायला पायजे हुतं, पाटणकर. भांडले असते तर म्या पाया धरले असते. न बोलता गेले."

मग त्यांनी ओढ्याकडे तोंड वळवलं.  स्टँडवरची ती मुंबईची गाडी, ती पायरी, ते आत नजर टाकणं, सगळं माझ्यापुढे आलं आणि मला फार वाईट वाटलं. शेवटी मीच त्यांचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं, मधलं रिकामं म्हणजे संपलं नाही. ते म्हणाले, "व्हय. पर आता लई रिकामं झालंय." गाडी आली. ते चढले, शेवटच्या बाकाला हात लावून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

त्यानंतर माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं. सुमन सणावाराला त्यांना जेवायला बोलवी. ते येत, आधी आमच्या पोराला भरवत, सुमनला बसवत, आणि सगळ्यांचं झाल्यावर दोन घास खात. घरात चार माणसांची पंगत, तिलाही ते टोक शोधत. सुमन कधी रागावली तर म्हणत, सवय हाय, ताई, आता सुटायची न्हाई. आमच्याकडून निघताना मात्र दारात उगाच रेंगाळत. चपला घालायला त्यांना फार वेळ लागे.

तात्या नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी कचेरीने नदीकाठच्या देवळात जेवण ठेवलं. हार झाला, भाषणं झाली, भेट म्हणून नवी छत्री झाली. साहेबांनी त्या जुन्या आठ इंचांची आठवण काढली आणि सगळे पोट धरून हसले, तात्यासुद्धा. मग पंगत मांडली. ओवरीच्या कडेने ओळ निघाली ती कोपऱ्यावर वळून पार पिंपळापर्यंत गेली, कारण कचेरीतल्या सगळ्यांची बायकापोरं होती. तात्यांची पत्रावळ पहिली, साहेबांच्या शेजारी. तिच्याभोवती सुमनने रांगोळी काढली होती. आज तुम्ही बादलीला हात लावायचा नाही, अशी तिने त्यांना ताकीद दिली होती, आणि त्यांनी मान डोलावली होती.

मीठ वाढून झालं, भात आला, तरी पहिली पत्रावळ मोकळीच. साहेब इकडे-तिकडे बघायला लागले. बाबू म्हणाला, हात धुवायला गेले असतील. मला मात्र कळलं. मी आमटीची बादली उचलली आणि पंगतीच्या मागून चालायला लागलो. कोपरा ओलांडला. पोरं संपली, मग मोकळ्या पत्रावळी लागल्या. त्या मी मागे टाकल्या. पिंपळाच्या पलीकडे, अगदी शेवटच्या पत्रावळीवर तात्या मांडी घालून बसले होते, गळ्यात हार तसाच. तिथून वाट दिसत होती.

साहेब वाट बघत आहेत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "आज बुडाकडनं वाढायला म्या न्हाई. मंग हितं कुणी बसलं असतं तर? म्हनून म्याच बसलो."

मी आमटी वाढायला वाकलो. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि विचारलं, "माझ्या पल्याड कुणी हाय का?"

मी बघितलं. पलीकडे पिंपळाची मुळं, आणि त्यापुढे उतरती वाट. मी सांगितलं की कुणी नाही, तुम्हीच शेवटचे.

त्यांनी उतरत्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक पत्रावळ मांडा."

पारावर पत्रावळींचा गठ्ठा होता. त्यातली एक काढून मी त्यांच्या पलीकडे मांडली. त्यांनी तिची कड सरळ केली, वाऱ्याने उडू नये म्हणून काठावर एक खडा ठेवला. मीठ वाढायला सांगितलं. ते मी बाबूकडून आणून वाढलं. भाताकडे मात्र त्यांनी हात केला नाही. "बाकीचं त्ये आल्यावर," म्हणाले.

मला तिथून हलवेना. वरच्या बाजूला लोक हसत-बोलत जेवत होते, श्लोक चालले होते, आणि इथे हा माणूस चिमूटभर मीठ वाढलेल्या पत्रावळीशेजारी शेवटचा म्हणून बसला होता. ती पत्रावळ मला बघवेना. तिच्यानंतर काहीच नव्हतं.

मी बादली खाली ठेवली. गठ्ठ्यातून आणखी एक पत्रावळ काढली आणि त्या मीठ वाढलेल्या पत्रावळीच्या पलीकडे, मुळांच्या मधल्या जागेत मांडली. तिच्यावर मी बसलो.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या पत्रावळीकडे बघितलं. 

"पाटणकर," ते म्हणाले, "ही तर मधी आली."

मी म्हणालो, "मधलीच आहे ती."

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि पुन्हा घातली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, बादली उचलली, मागून वळसा घालून माझ्या पलीकडे गेले. तिथून माझ्यासमोर आले आणि वाकले.

"दादा," त्यांनी विचारलं, "वाढू का?"

मी पत्रावळ पुढे केली.